कोपरापर्यंत बुडवलेला हात

मधू,

काल तुझं तेरावं झालं. घर माणसांनी भरलं होतं. तुझ्या कुसुमनं अळूवडीसाठी बाजारातून कच्चूची, म्हणजे इथल्या अळवाची, पानं आणली. ती जरा खाजली, पण तेराव्याच्या जेवणात घसा खाजतो म्हणून तक्रार कोण करणार. मराठी मंडळातले झाडून सगळे आले होते. तू किती हसवायचास, कसा मदतीला धावायचास, बंगाली कसं थेट बंगाल्यांसारखं बोलायचास, हे सगळं बोलून झालं. मग मोरीपाशी हात धुताना एकानं दुसऱ्याला हळूच विचारलं, "लिव्हरच ना?" दुसऱ्यानं मान हलवली. मी टॉवेल घेऊन मागेच उभी होते. दोघांनी माझ्याच हातातल्या टॉवेलाला हात पुसले.

दारूचा एक थेंब कधी तुझ्या पोटात गेला नाही. खोकल्याचं औषध घ्यायचं तरी तू तोंड वाकडं करायचास. हे मला माहीत आहे आणि कुसुमला माहीत आहे. बाकी सगळं मराठी कलकत्ता तुला दारुडा म्हणून ओळखतं, आणि ही ओळख त्यांना तूच करून दिलीस. मला दुःख आहे, नाही असं नाही. पण दुःखाच्या आधी राग येतो आणि दुःखाला उंबऱ्यावरच थांबवून ठेवतो. म्हणून आज तुझ्याशी भांडून घेते. एरवी तू माझं बोलणं अर्ध्यावर तोडून सिगारेट आणायला खाली जायचास. आता जाऊन दाखव.

तू कीटकनाशकांच्या कंपनीत लागलास ते दिवस आठव. रेशनच्या रांगेत आपण दोघं आलटून पालटून उभे राहायचो. मिळायचा तो तांदूळ निम्मा खड्यांचा. एस्प्लनेडच्या हपिसातून तू पहिल्या दिवशी घरी आलास आणि म्हणालास, ताई, शेतातलं निम्मं धान किडे खातात, ते वाचलं तर ही रांग संपेल. तुझा त्यावर खराखुरा विश्वास होता. तू लबाड नव्हतास, मधू. लबाड असतास तर मला इतका त्रास झाला नसता. लबाड माणसं स्वतःचा हात सांभाळतात.

तो हात मी एकदाच पाहिला, पण पुरेसा पाहिला. माझ्या शाळेला सुट्टी होती. तू म्हणालास, चल, तुझा भाऊ काय करतो ते तरी बघ. हावड्याहून सकाळची गाडी धरून आपण वर्धमानच्या पुढच्या एका गावात गेलो. धानाच्या बांधावर पन्नासेक माणसं उकिडवी बसली होती. नवं बियाणं, नवं खत, त्यात हे नवं औषध, म्हणून सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. तू आधी त्यांना हसवलंस. म्हणालास, मी मराठा, बर्गी घोडेस्वारांच्या मुलखातला. ज्यांच्या भीतीनं तुमच्या आज्यांनी पोरं निजवली आणि बागबाजारला खंदक खणला, त्यांच्यातला. बर्गी तुमचं धान न्यायला आले होते, मी वाचवायला आलोय. म्हातारे बोळकी उघडून हसले. मग तू पत्र्याच्या पिंपात बाटली ओतलीस, पाणी दुधासारखं पांढरं झालं, कुजक्या लसणासारखा वास सुटला. तू सदऱ्याची उजवी बाही वर सरकवलीस आणि कोपरापर्यंत हात त्यात घालून ते पाणी ढवळलंस. हात बाहेर काढलास, निथळू दिलास, सगळ्यांपुढे फिरवलास.

"देखून," तू म्हणालास. "किछु होलो?"

बघा, झालं का काही. काहीच झालं नव्हतं. माणसं उठून पिंपापाशी आली. त्यांनीही बाह्या सरकवल्या, ज्यांना सदरेच नव्हते त्यांनी सरळ हात घातले. तू हात पंच्याला पुसलास आणि त्याच हातानं त्यांनी दिलेली मुडी, आपले चुरमुरे, खाल्लीस.

परतीच्या गाडीत मी तुझ्याशी भांडले. तू म्हणालास, कंपनीच्या वर्गात हेच शिकवतात, आधी हात घाला, मग बोला. विश्वास बोलून बसत नाही. मी म्हटलं, अरे, किडे मरतात ना त्यानं? तू म्हणालास, ताई, किडा केवढा आणि मी केवढा. आणि डोकं दुखतंय म्हणून खिडकीला टेकून डोळे मिटलेस. तुला दरदरून घाम फुटला होता. डबा गर्दीनं भरला होता, हवा उन्हाची होती, म्हणून मीही तो घाम उन्हाच्या नावावर टाकला. दुसऱ्या दिवशी तू ठणठणीत होतास. तेच वाईट झालं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वेळी तू ठणठणीत असायचास, म्हणून कुणाला काही म्हणायला जागा उरायची नाही.

रविवारी तू आपल्या लोकांचे ढेकूण मारायचास. भवानीपूरपासून बालीगंजपर्यंत ज्या ज्या मराठी घरात खाटा होत्या, त्या सगळ्या खाटांच्या फटी तुला पाठ होत्या. खांद्याला पंप, हातात डबा, तोंडावर साधा रुमालसुद्धा नाही. बदलीवर नव्यानं आलेल्या बायका पुण्याच्या पत्रांत तुझं नाव लिहायच्या, की इथे ढेकूण फार, पण एक मधुभाऊ आहेत. तू आलास की पोहे व्हायचे, चहा व्हायचा. ह्याच बायका काल पानावर बसून एकमेकींकडे बघत होत्या. त्यांच्या खाटांत अजून ढेकूण नाहीत, एवढं तरी त्यांनी आठवायचं होतं.

तुझ्या हातापायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा तू म्हणायचास, फिरती फार होते. मग चपला पायांतून निसटायला लागल्या. एकदा तू ट्रॅमपासून घरापर्यंत एकाच चपलेनं आलास आणि दुसरी गेली हे तुला दारात कुसुमनं सांगितलं. आपण सगळे पोट धरून हसलो. तूही हसलास, पण मग खाली वाकून तळव्याला चिमटा काढून बघितलास, ते मी पाहिलं. चहाचा कप बशीत हिंदकळायला लागला. तुझं नाटकातलं पाठांतर म्हणजे वाखाणण्याची गोष्ट. पण भाजी आणायला गेलास की बाजारात उभा राहून काय आणायचं ते आठवायचास. आणि चिडायचास. आयुष्यात कधी न चिडलेला माणूस तू, कुसुमवर ताट सरकवायला लागलास.

मी तुला ओढत आपल्या जुन्या डॉक्टरबाबूंकडे नेलं. म्हाताऱ्यानं तुझी बाही वर केली, गुडघ्यावर हातोडी मारली, आणि तू काय विकतोस ते विचारलं. मग त्यानं जे सांगितलं ते मी शाळेतल्या मुलींनासुद्धा इतकं सोपं करून सांगू शकले नसते. नसेनं स्नायूला निरोप दिला की तो निरोप लगेच पुसावा लागतो, नाहीतर दुसरा कसा देणार. हे औषध तो पुसणाराच मारतं. दारावरच्या विजेच्या घंटेचं बटण दाबलं आणि ते आतच अडकून बसलं, तसं. घंटा वाजतच राहते. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगभर घाम, स्नायू फडफडतात, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून थांबतात. किडा असाच मरतो. माणूस मोठा आहे म्हणून त्याला वेळ लागतो, एवढंच. आणि थोडं थोडं करून वर्षानुवर्षं अंगात गेलं तर त्या तारा कधी पूर्वीसारख्या होतात, कधी होत नाहीत.

म्हातारा म्हणाला, उद्यापासून सोडा. तू हात जोडून हो म्हणालास. जिना उतरल्यावर मला म्हणालास, बुढ्ढा जुन्या वळणाचा आहे.

आणि मग ते गणपतीतलं नाटक. त्याबद्दल आपण नीट बोललोच नाही. जेव्हा जेव्हा मी सुरुवात केली, तेव्हा तू खाली सिगारेट आणायला गेलास.

त्या वर्षी डास फार होते. नाटकाच्या दिवशी सकाळी तू एकट्यानं मंडळाचा हॉल फवारलास. खिडक्या लावून, कोपरे न् कोपरे, पडद्याच्या मागेपुढे. संध्याकाळी त्याच जमिनीवर सतरंज्या घातल्या गेल्या आणि पुढे सगळी पोरं बसली. मी नेहमीप्रमाणे विंगेत पुस्तक घेऊन प्रॉम्प्टिंगला. पहिला अंक झकास गेला. दुसऱ्यात तुझी मोठी एंट्री, लोक तू येतोस म्हणूनच हसायला बसलेले. तू आलास आणि गप्प उभा राहिलास. मी वाक्य दिलं. तू ऐकलंस, पण तोंडातून निघालं ते बोबडं. लोक हसले, त्यांना वाटलं नवं काहीतरी काढलंय. मग तुझा तोल गेला, तू खुर्ची धरलीस, हनुवटीवरून लाळ ओघळली. तू विंगेकडे वळलास. तुझ्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मला म्हाताऱ्या डॉक्टरचा शब्द न् शब्द आठवला. मी पडदा पाडायला सांगितला.

आत बापट आले. मंडळाचे सेक्रेटरी, बँकेतले, सभ्य माणूस. त्यांनी तुला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मधुकरराव, घेतलीय का थोडी?"

मी सांगायला तोंड उघडलं. तू माझ्याकडे पाहिलंस, पडद्याच्या फटीतून समोरच्या पोरांकडे पाहिलंस आणि म्हणालास, "हो. जरा जास्त झाली. माफ करा."

त्या रात्री तीन-चार पोरांना उलट्या झाल्या. दोष जेवणातल्या श्रीखंडाला गेला. ज्या बाईनं ते केलं होतं, तिनं पुन्हा कधी मंडळात श्रीखंड केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला विचारलं, हे काय केलंस? तू गच्चीत बसला होतास. तू म्हणालास, "पोरं बसली होती, ताई. मीच फवारलं होतं. काय सांगू?" आणि मग हेही म्हणालास, की विषाचं नाव एकदा निघालं की ते वर्धमानपर्यंत जाईल, आणि पिंपापाशी कुणी येणार नाही. दारूचं नाव, म्हणालास, फक्त माझ्यापुरतं राहील. मग माझा हात धरून तुझ्या गळ्याची शपथ घातलीस, की मी कुणाला सांगायचं नाही. शपथ तू घातलीस, मी पाळली, आणि त्याचा राग मी तुझ्यावरच ठेवणार आहे. शपथ घालताना तुझी बोटं माझ्या हातात फडफडत होती.

त्यानंतर तू आपल्या लोकांच्या घरी पंप नेला नाहीस. त्यांनी बोलावलंही नाही. दारुड्याला घरात कोण घेतं. लहान पोरं होती त्या घरच्या बायकांना तू वाटेत भेटलास की सांगायचास, खाटा उन्हात टाका, उकळतं पाणी ओता. म्हणजे तुला कळलं होतं. पुरतं कळलं होतं. आणि सोमवारी पुन्हा हावड्याला जाऊन, गाडी धरून, पिंपात हात.

हेच आपलं अर्धवट राहिलेलं भांडण. मी तुला विचारलं होतं, भवानीपूरची पोरं तुला दिसली, मग वर्धमानची का दिसली नाहीत? तिथेही बांधावर पोरं असतात, तिथेही बाया त्याच हातांनी भात कालवतात. तू म्हणालास, तिथे भात आहे, ताई. मी म्हटलं, भात खायला माणसं नकोत? तू उठून खाली गेलास. वर आलास तो गंधराज लिंबं घेऊन. माझ्या हातात दिलीस आणि वास घे म्हणालास. मी घेतला. भांडण तिथेच पडलं.

आता चांगलंही सांगते, नाहीतर म्हणशील ताई नुसती कडू. लग्न केलं नाही म्हणून मला ह्या घरात एक शब्द ऐकावा लागला नाही, तो तुझ्यामुळे. आपले अण्णा गेले तेव्हा मामांनी विषय काढला होता. तू त्यांना जेवायचं वाढता वाढता सांगितलंस, ताई घराची मालकीण आहे, पाहुणे आपण. कुसुम आली ती मला वन्सं म्हणत आली आणि आजपर्यंत मला विचारल्याशिवाय फोडणी घालत नाही, हेही तुझंच वळण. इतका समंजस माणूस तू. तुझ्या समंजसपणानंच घात केला.

ह्या आषाढात तू शेवटचा फिरतीवर गेलास. पाय धड उचलत नव्हते, तरी गेलास, कारण दुसरा माणूस नवा होता आणि त्याला अजून पिंपापुढे बोलता येत नव्हतं. दुपारी परत आलास तो भिंत धरत. मी शाळेत होते. कुसुमनं तुला खाटेवर टाकलं, ओकारी पुसली, आणि फोन बापटांकडे म्हणून त्यांच्याकडे धावली. बापट तसेच निघाले. टॅक्सी त्यांनी आणली, तुला खांदा त्यांनी दिला, चौरंगीच्या खणलेल्या रस्त्यातून ड्रायव्हरवर ओरडत हॉस्पिटलात त्यांनी नेलं. त्या माणसानं काही कमी केलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरनं विचारलं काय झालं. कुसुमला बंगाली येत नाही. साताऱ्याहून ती आली ती आपल्या चार भिंतींतल्या मराठीतच राहिली, मासेवालीशी बोटांवर बोलते. बापटांनी उत्तर दिलं. तिला लाज वाटू नये म्हणून खालच्या आवाजात, बंगालीत सांगितलं, की हे पितात, पुष्कळ वर्षांपासून. कुसुम बाजूला पदर तोंडाला लावून उभी होती. तिला वाटलं, ते कंपनीबद्दल सांगताहेत. डॉक्टरांच्या खोलीत गर्दी होती. तुला कडेच्या एका खाटेवर नशा उतरू द्यायला ठेवलं. अंगातला सदरा कुणी काढला नाही. उजवी बाही खांद्यापर्यंत ओली होती.

मी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. तुझी शपथ मी त्या खाटेपाशी मोडली. एका तरुण डॉक्टरला दंडाला धरून आणला आणि तुझ्या धंद्याचं नाव सांगितलं. त्यानं बॅटरीनं डोळे बघितले, बाहीचा वास घेतला आणि इंजेक्शन आणायला धावत गेला. येताना तो चालत आला, कारण तोवर घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मला म्हणाला, "दीदी, एकटू आगे बोलले होतो." थोडं आधी सांगितलं असतंत तर.

थोडं आधी म्हणजे केव्हा, मधू? दुपारी? की त्या नाटकाच्या दिवशी, पडदा पडल्यावर, बापटांनी पाणी दिलं तेव्हा?

काल सगळे गेल्यावर बापट मागे राहिले. मला वाटलं काही सांगायचं असेल. ते म्हणाले, "सुमतीताई, विषय काढू नये, पण गणपती जवळ आले. हॉल फवारायचाय. मधुकररावांचा पंप घरीच असेल ना?"

मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. पिंप, हात, हॉल, सतरंजीवरची पोरं, श्रीखंड, शपथ. तू आयुष्यात कधी प्यायला नाहीस, हे तीनदा सांगितलं. हॉस्पिटलात ते काय बोलले हेही सांगणार होते, पण त्यांचा चेहरा बघून ते गिळलं. त्यांनी मध्ये एकदाही मला तोडलं नाही. ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "ताई, बहिणीचं मन मी समजू शकतो. पण असं कुढू नका. आम्ही त्यांना केव्हाच माफ केलंय."

मी पंप दिला नाही. त्यातला चामड्याचा वायसर काढून ठेवला आहे आणि पंप माझ्या खाटेखाली आहे. तरी बापट म्हणाले काही हरकत नाही, तुमच्या कंपनीतला तो नवा मुलगा येईन म्हणालाय, चांगला तयार झालाय.

शपथ मी मोडली आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. खरं मी सांगितलं, तुझ्या सख्ख्या बहिणीनं, तुझ्याच घरात, तुझ्या फोटोला हार असताना. आणि त्यांनी तुझं खोटं धरून ठेवलं. का धरणार नाहीत? तू स्वतः सांगितलं होतंस ना त्यांना, सगळ्यांदेखत, लाळ पुसत. पिंपात घातलेला हातसुद्धा तू असाच लोकांपुढे फिरवायचास. विकण्यात तुझा हात कुणी धरला नसता, मधू. आता तेवढं सांग, तू विकलेला माल मी परत कसा आणू?